कर्टिस ब्लो : एका अग्रेसराची उपेक्षा

‘हिप हॉप’ ह्या अमेरिकन प्रकाराविषयीं लिहिण्यास आम्ही प्रवृत्त व्हावें ह्याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल, आणि कांहींस तें रुचणारहि नाहीं. ज्यांत सूर नाहीं, आलाप नाहीं आणि पुष्कळदां सभ्यताहि नाहीं, त्याचा वाङ्मयाशीं संबंध काय, हा प्रश्न आम्हांस पूर्वींच विचारला गेला आहे. आमचें उत्तर एवढेंच कीं, गेल्या पन्नास वर्षांत इंग्रजी भाषेंत यमकाची उपासना जर कोणीं निष्ठेनें केली असेल तर ती ह्या मंडळींनीं. छापील इंग्रजी कवितेंत यमक मागें पडलें, आणि न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्यांतील पोरांनीं तें उचललें. तें कोणाच्या हातीं गेलें व तेथें त्याचें काय झालें, हें पाहणें कवितेच्या अभ्यासकास टाळतां येण्यासारखें नाहीं.

२०२३ सालीं ह्या प्रकाराचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या निमित्तानें जें विपुल लेखन झालें त्यांत कर्टिस ब्लो ह्याचें नांव जागोजाग आढळतें; परंतु तें बहुधा एका ओळींत संपतें. मोठ्या कंपनीशीं करार करणारा पहिला रॅपकार, आणि ज्याच्या मुद्रिकेस ‘गोल्ड’ हा खपाचा मान मिळाला असा पहिला रॅपकार, बस्स. पहिलेपणाची नोंद झाली कीं कृति ऐकण्याची जबाबदारी संपली, अशी टीकाकारांची समजूत दिसते. ह्या समजुतीविरुद्ध आमची तक्रार आहे. ब्लोच्या हातून निदान एक उत्तम कृति झाली आहे, आणि तिचा उत्तमपणा तिच्या पहिलेपणाशीं निगडित आहे, असें आमचें मत आहे. तें मांडण्यापूर्वीं ‘ब्रेक’ ह्या शब्दाची थोडी फोड केली पाहिजे.

११ ऑगस्ट १९७३ रोजीं ब्राँक्स भागांतील सेज्विक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत सिंडी कॅम्बेल नांवाच्या मुलीनें नाचाचा एक मेळावा भरविला. तबकड्या वाजविण्याचें काम तिचा भाऊ क्लाइव्ह, ऊर्फ कूल हर्क, ह्यानें केलें. नाचणाऱ्यांस सबंध गाण्यापेक्षां त्यांतील एक तुकडा अधिक प्रिय असतो, हें हर्कनें हेरलें होतें. गायक थांबतो, इतर वाद्यें गप्प होतात, आणि केवळ ताल उरतो, तो हा तुकडा. ह्यासच ‘ब्रेक’ म्हणतात. तो असतो जेमतेम कांहीं सेकंदांचा. म्हणून एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर चढवून, एकीवरील तुकडा संपतांच दुसरीवरील सुरू करावयाचा, आणि अशा रीतीनें तो वाटेल तितका लांबवावयाचा, ही युक्ति हर्कनें रूढ केली. ह्या लांबविलेल्या तालावर नाचणाऱ्यांस चेतविण्यासाठीं जें बोललें जाई तें हळूहळू यमकबद्ध झालें, आणि रॅप जन्मास आलें. म्हणजे मूळचा कलावंत तबकडीवाला. बोलणारा हा त्याचा भालदार.

हें ऐकून आमच्या एका स्नेह्यास अमृतरायांच्या कटावांची आठवण झाली. अनुप्रासाच्या धबधब्यापुरतें साम्य आहे, नाहीं असें नाहीं. परंतु त्यापुढें ही तुलना चालत नाहीं. कारण दुसऱ्याच्या मुद्रित गाण्यांतील फट रुंद करून तींत उभें राहावयाचें, हा ह्या अमेरिकन कलेचा पाया आहे, आणि कटावास असल्या उसन्या जागेची गरज कधींच नव्हती.

कर्टिस वॉकर (‘ब्लो’ हें घेतलेलें नांव) ९ ऑगस्ट १९५९ रोजीं हार्लेममध्यें जन्मला. तो आधीं नाचणारा, मग तबकडीवाला, आणि शेवटीं बोलणारा झाला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत असतां रसेल सिमन्स नांवाच्या महत्त्वाकांक्षी विद्यार्थ्याशीं त्याची गांठ पडली, व पुढें सिमन्सनें त्याचे व्यवहार पाहण्याचें काम पत्करलें. १९७९ सालीं ‘बिलबोर्ड’ ह्या संगीतव्यवसायाच्या पत्राशीं संबंध असलेले रॉबर्ट फोर्ड व जे. बी. मूर ह्या दोघांनीं ब्लोकडून ‘ख्रिसमस रॅपिन’ ही मुद्रिका करवून घेतली. ब्राँक्समधील तबकडीवाल्यांची वार्ता फोर्डनें आदल्या वर्षींच त्या पत्रांत दिली होती. मुद्रिकेचा पूर्वार्ध म्हणजे क्लेमंट मूर ह्याच्या नांवावर असलेल्या, १८२३ सालीं प्रथम छापल्या गेलेल्या नाताळच्या सुप्रसिद्ध कवितेचें विडंबन होय. उत्तरार्धांत नाताळ विसरून निव्वळ मेळाव्याचे बोल येतात. सण सरला तरी मुद्रिका पडून राहूं नये, हा त्यांतील हेतु. ह्या व्यापारी धूर्तपणाबद्दल आम्ही नाक मुरडणार नाहीं. पोटापाण्याची सोय लावून कविता करणें हा गुन्हा नव्हे. मर्क्युरी कंपनीनें मुद्रिका घेतली, आणि वीस वर्षांचा एक पोरगा बड्या कंपनीचा नामांकित कलावंत होऊन बसला.

त्याच सालीं शुगरहिल गँगची ‘रॅपर्स डिलाइट’ सर्वत्र गाजत होती. तींतील हँक नांवाच्या गड्यानें म्हटलेल्या ओळी ब्राँक्समधील ग्रँडमास्टर कॅझ ह्याच्या होत्या, आणि श्रेयाच्या ठिकाणीं कॅझचें नांव कोठेंच नव्हतें. मेळाव्यांत ओळ कोणाची हें सगळ्यांस ठाऊक असे. तबकडीस तें ठाऊक नसतें. ह्या चोरीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. पण त्याच वेळीं दुसरीहि एक गोष्ट नाहींशी झाली होती, तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. ‘रॅपर्स डिलाइट’ काय किंवा ‘ख्रिसमस रॅपिन’ काय, दोहींत तबकडीवालाच नाहीं. दोन यंत्रें नाहींत, फट लांबविणें नाहीं. मुद्रणशाळेंत भाड्यानें आणलेले वादक सरळ वाजवीत आहेत आणि त्यांच्यावर बोलणारा बोलत आहे. ज्याच्या पोटीं ही कला जन्मास आली त्या तबकडीवाल्यास, कला तबकडीवर चढली त्याच क्षणीं, बाहेर काढण्यांत आलें.

१९८० सालची ‘द ब्रेक्स’ ही मुद्रिका ह्या दृष्टीनें ऐकावी. ‘ब्रेक’ म्हणजे तालाचा तो तुकडा, हें वर आलेंच. ‘ब्रेक’ म्हणजे गाडी थांबविण्याची कळ. आणि अमेरिकन बोलींत ‘ब्रेक’ म्हणजे दैवाचा कौल. बरा पडला तर माणूस कीर्तीस चढतो, वाईट पडला तर रस्त्यावर येतो, आणि दोन्ही वेळां खांदे उडवून म्हणावयाचें कीं, नशिबाचे खेळ, दुसरें काय! गाडीच्या ‘ब्रेक’चें इंग्रजी लेखन निराळें आहे, उच्चार मात्र तोच. म्हणजे हा श्लेष कानाचा आहे, डोळ्यांचा नव्हे. कागदावर तो अर्धा मरतो. तिन्ही अर्थ ब्लो आरंभींच एकामागून एक उधळून देतो, आणि मग दैवाच्या तडाख्यांची यादी सुरू होते: बायको दुसऱ्याबरोबर जपानास पळाली, प्राप्तीवरील करवाल्यांनीं जाब विचारला, ब्राझीलच्या टेलिफोनांचें बिल आलें, गुंडांकडून कर्ज काढलें आणि काल नोकरी गेली. प्रत्येक तडाख्यानंतर जमाव एका स्वरांत तोच निकाल देतो.

विनोद म्हणून हें कोणासहि आवडेल. आम्हांस त्याची रचना अधिक आवडते. यादींतील संकटें वाढत्या क्रमानें लावलेलीं नाहींत. जपान, मांजर, ब्राझील असल्या अद्भुत गोष्टी आधीं येतात (करांत सूट मिळावी म्हणून ह्या बहाद्दरानें मांजर आश्रित दाखविलें होतें), आणि नोकरी गेल्याची साधी, खरी, हार्लेममध्यें घरोघर घडणारी गोष्ट हंशाच्या ओघांत अगदीं सहज शेवटीं टाकून दिलेली आहे. श्रोता हंसत असतांनाच ती त्याच्या पदरांत पडते. आणि मग ब्लो स्वतः बोलावयाचा थांबतो. ताल तेवढा उरतो. मुद्रणशाळेंतील वादक, जणुं दोन यंत्रांवर कोणी तबकड्या फिरवीत आहे अशा थाटांत, तो तुकडा वाजवितात. एकदां नव्हे, अनेकदां. साडेसात मिनिटांहून अधिक चालणाऱ्या ह्या मुद्रिकेचा मोठा भाग शब्दांवांचून आहे. तबकडीवाल्याची जागा त्याच्या नांवानें मोकळी ठेवलेली आहे असें आम्हांस तेथें नेहमीं वाटतें. जें हरवलें होतें त्याचेंच नांव गाण्यास देणें, त्या नांवाचे सर्व अर्थ बोलून दाखविणें, आणि अखेर गप्प राहून तें वाजूं देणें, हें काम केवळ ‘पहिल्या’चें नव्हे, कवीचें आहे. शब्दरचनेंत मूर व फोर्ड ह्यांचा वाटा आहे हें आम्ही विसरत नाहीं. परंतु कोठें थांबावें हें ज्ञान मेळाव्यांत मिळतें, वर्तमानपत्राच्या कचेरींत नव्हे.

त्या वर्षीं ‘सोल ट्रेन’ ह्या लोकप्रिय कार्यक्रमांत ब्लोनें हें सादर केलें. तेथवर पोंचलेला पहिला रॅपकार तोच. कार्यक्रमाचे सूत्रधार डॉन कॉर्नेलियस ह्यांनीं तरुणांस ह्यांत काय आवडतें हें आपणांस कळत नाहीं, असें सर्वांदेखत बोलून दाखविलें, आणि तें ब्लोच्या फार जिव्हारीं लागलें. खरें सांगावयाचें तर कॉर्नेलियस ह्यांच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींहि तेंच म्हटलें असतें. काळ्या अमेरिकेच्या संगीतास देशापुढें सन्मानानें उभें करण्यांत ज्या गृहस्थानें आयुष्य घालविलें त्यास हें पोरखेळ वाटावें, ह्यांत दुष्टावा नव्हता. त्याच्या कानाचें वय आड आलें.

१९८२ सालच्या ‘द मेसेज’पासून रॅप गंभीर झालें, त्यापूर्वींचें सारें नाचगाणें, असें मत आतां रूढ झालें आहे. ‘द मेसेज’ मोठी कृति आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें २००२ सालीं जतन करण्याजोग्या मुद्रणांची जी पहिली यादी केली तींत ती होती, तें उचितच झालें. परंतु ह्या मतांत गांभीर्य म्हणजे कपाळावरील आंठी अशी एक शाळामास्तरी कल्पना लपलेली आहे. दारिद्र्याचें वर्णन हंसत केलें म्हणजे तें दारिद्र्य राहत नाहीं कीं काय? शिवाय ज्यांस आंठीच हवी आहे त्यांनीं ब्लोच्या १९८० सालच्या पहिल्या संग्रहांतील ‘हार्ड टाइम्स’ ऐकावें. तें शीर्षक पुढें कोणीं उचललें हेंहि पाहण्यासारखें आहे. रसेल सिमन्सचा धाकटा भाऊ जोसेफ हा कोंवळ्या वयांत ‘कर्टिस ब्लोचा मुलगा’ ह्या नांवानें ब्लोसाठीं तबकड्या फिरवी. हाच रन-डी.एम.सी. ह्या त्रयींतील ‘रन’. आणि १९८४ सालच्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचा आरंभ ‘हार्ड टाइम्स’नेंच होतो. त्या संग्रहाचा एक निर्माता लॅरी स्मिथ ब्लोच्या मुद्रिकांवर बास वाजवीत असे. ज्या त्रयीनें ब्लोला जुना ठरविला ती अशी त्याच्याच घरांत वाढली.

जुना तो खरोखरच ठरला, आणि तें मान्य केलें पाहिजे. ब्लोचा उच्चार स्वच्छ, आवाज भरदार, वृत्ति प्रसन्न. परंतु त्याचें यमक बहुधा ओळीच्या टोंकास, ठरल्या ठिकाणीं, दाराशीं उभ्या असलेल्या पाहुण्यासारखें येतें. १९८६-८७ च्या सुमारास रॅकिम ह्यानें ओळीच्या पोटांत यमकें पेरावयास आरंभ केला, आणि ब्लोची रीति एका रात्रींत आजोबांची झाली. त्याचे मधले संग्रह आम्हीं चिकाटीनें ऐकले. त्यांतील पुष्कळ भाग पुन्हां ऐकावा असें वाटलें नाहीं. १९८६ सालच्या ‘किंगडम ब्लो’ ह्या संग्रहांत बॉब डिलन ह्यांनीं कांहीं ओळी म्हटल्या आहेत. त्यांस २०१६ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें म्हणून कोणी तो संग्रह मोठ्या आशेनें काढील, तर त्याची निराशा होईल. ह्याला अपवाद दोन: १९८४ सालचें ‘ए. जे. स्क्रॅच’, ज्यांत ब्लोनें आपल्या तबकडीवाल्याचेंच नांव गाण्यास देऊन त्यास पुन्हां दरबारांत आणून बसविलें. आणि १९८५ सालचें ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’, जग आपल्या हातीं आलें तर काय करूं ह्या पोरवयाच्या स्वप्नाचें गाणें.

ह्या दुसऱ्या गाण्याचें पुढें जें झालें तें विलक्षण आहे. १९९६ सालीं नॅस ह्या नव्या पिढीच्या रॅपकारानें तेंच शीर्षक व तेंच पालुपद घेऊन, लॉरिन हिल हिच्या आवाजांत तें गाववून, स्वतःचें गाणें रचलें, आणि त्यांत तुरुंगांत अडकलेल्या माणसांचीं दुःखें आणलीं. ब्लोच्या भाबड्या कल्पनेस तेथें जी खोली आली ती मुळांत नव्हती. त्यानंतर वर्षभरानें ‘नेक्स्ट’ ह्या गायकवृंदानें ‘ख्रिसमस रॅपिन’चा गाभा उचलून ‘टू क्लोज’ हें शृंगारगीत केलें, व १९९८ सालीं तें अमेरिकेंत खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकास पोंचलें. तबकडीवाल्यावांचून ज्याच्या तबकड्या निघाल्या, त्याच्याच तबकड्या आतां इतरांच्या यंत्रावर चढल्या होत्या; लोक त्यांतील फटी शोधीत होते. अनेकांस गाणें माहीत आहे आणि ब्लो माहीत नाहीं, ह्याचें कारणहि तेंच.

ब्लो २००९ सालीं ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. हार्लेमच्या एका चर्चमध्यें त्यानें ह्याच तालावर उपासना चालविली. डिसेंबर २०२० मध्यें त्याच्यावर हृदयारोपणाची शस्त्रक्रिया झाली. चरित्रकारास ह्यांत बराच मजकूर सांपडेल. आमचें काम त्या एका मुद्रिकेपुरतें आहे, आणि तिच्याविषयीं एक सूचना करावयाची राहिली आहे. ‘द ब्रेक्स’ची एक आंखूड आवृत्ति आहे, आणि ती सोयीची म्हणून पुष्कळदां तीच कानांवर पडते. आंखूड करतांना कात्री अर्थातच तालाच्या तुकड्यांवर पडली. शब्द बरेचसे राहिले. ज्यांस ऐकावयाचें असेल त्यांनीं मूळची लांब मुद्रिका मिळवावी, आणि ब्लो गप्प होतो तेथें गाणें संपलें असें समजून उठूं नये.