लहान पाटी आणि तिचे पाठभेद

वापराच्या वस्तूंवर टीकालेख लिहिण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं. ग्रंथ, नाटक, चित्र किंवा गायन यांचे गुणदोष विवेचनास योग्य मानले जातात. हातांतील यंत्राचा विचार मात्र जाहिरातदारांवर सोंपविला जातो, आणि जाहिरातदार हा आपल्याच मालाचा भाट असल्यामुळें त्याच्या तोंडून दोष ऐकूं येण्याची आशा व्यर्थ होय. वास्तविक ज्या वस्तूवर आपण रोज वाचतों, लिहितों, मुलांना चित्रें दाखवितों आणि दूरदेशींच्या आप्तांशीं बोलतों, तिची पारख ग्रंथाइतक्याच कसोशीनें व्हावयास पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखांत ‘नेक्सस ७’ नांवाच्या एका लहान टॅब्लेटचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. हा टॅब्लेट आतां नवा विकत मिळत नाहीं. परंतु त्याच्या निमित्तानें जो वाद उपस्थित झाला तो अद्याप मिटलेला नाहीं. विकत घेतलेल्या वस्तूवर शेवटचा अधिकार कोणाचा, करणाऱ्याचा कीं बाळगणाऱ्याचा, हा तो वाद होय.

२७ जून २०१२ रोजीं गूगल कंपनीनें हा टॅब्लेट जाहीर केला. त्याची बांधणी तैवानांतील असूस कंपनीची होती. पडदा सात इंचांचा, त्यावर १२८० बाय ८०० ठिपके. वजन ३४० ग्रॅम. रॅम १ जीबी. आणि किंमत ८ जीबी साठवणीस १९९ डॉलर व १६ जीबीस २४९ डॉलर. त्यापूर्वीं, २०११ च्या नोव्हेंबरांत, अ‍ॅमेझॉनचा किंडल फायर १९९ डॉलरांसच विक्रीस आला होता. पण तो म्हणजे त्या कंपनीच्या दुकानाच्या दाराशीं मांडलेली कांचेची पेटी होती. नेक्ससनें तेवढ्याच किंमतींत सर्व कामाचें यंत्र दिलें, हा त्याचा पहिला गुण. दुसरा गुण आकाराचा. मध्यम बांध्याच्या पुस्तकाप्रमाणें तो एका हातांत धरून निवांत वाचतां येई, आणि पाठीला चामड्यासारखा खांचांचा पोत असल्यामुळें बोटांतून निसटत नसे. तिसरा गुण बहुतेक परीक्षकांच्या नजरेंतून सुटतो: मागचें झांकण प्लास्टिकच्या पट्टीनें उकलतां येई, व थकलेली बॅटरी बदलतां येई.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. मागें कॅमेरा नाहीं आणि मेमरी कार्डाला जागा नाहीं. पहिला दोष वाचकाला जाणवणारा नव्हे. दुसरा मात्र खरा, कारण ८ जीबीचें कोठार पाहतां पाहतां भरे, आणि कोठार भरलें कीं यंत्र मंदावे. मोकळ्या झालेल्या कप्प्यांची वर्दी साठवणीला वेळच्या वेळीं मिळत नसे, हें ह्या मंदपणाचें एक कारण होतें. जुलै २०१३ मध्यें निघालेल्या अँड्रॉइड ४.३ नें ती वर्दी देण्याची सोय केली, तेव्हां कांहींसा उतार पडला.

आतां त्याच्या मागून आलेल्यांकडे पाहूं. २३ ऑक्टोबर २०१२ रोजीं अ‍ॅपलनें आयपॅड मिनी पुढें आणला: पडदा ७.९ इंचांचा, वजन ३०८ ग्रॅम, किंमत ३२९ डॉलर. त्याच महिन्याच्या अखेरीस गूगलनें १६ जीबीचा नेक्सस १९९ डॉलरांवर आणिला आणि २४९ डॉलरांत ३२ जीबीचा देऊं केला. म्हणजे उन्हाळ्यांत ज्यानें २४९ डॉलर मोजले, त्याला दिवाळीपूर्वींच आपण निम्मी साठवण घेतल्याचा साक्षात्कार झाला. पुढें तेरा महिनेही पुरते न होतात तोंच, २४ जुलै २०१३ रोजीं, दुसरा नेक्सस ७ अवतरला. नांव तेंच, पण पडद्यावर १९२० बाय १२०० ठिपके, रॅम २ जीबी, वजन २९० ग्रॅम व किंमत २२९ डॉलर.

न्यायानें बोलावयाचें तर हा दुसरा सर्व अंगांनीं सरस होता. विशेषतः देवनागरी वाचणाराला तो फरक डोळ्यांत भरे. रोमन लिपीचें अक्षर मोजक्या रेषांचें असतें. आपल्या लिपींत शिरोरेषेवर रफार आणि अनुस्वार, पायाशीं उकार, आणि मध्यें जोडाक्षराची दाटी. इंचांत २१६ ठिपके असलेल्या पडद्यावर जी ‘ष्ठ्य’ची गुंतवळ होई, ती ३२३ ठिपक्यांच्या पडद्यावर मोकळी दिसूं लागली. हें कबूल केल्यावरही एक गोष्ट उरतेच. नव्याच्या येण्यानें जुन्याचा एकही ठिपका कमी होत नाहीं; कमी होतो तो मालकाचा संतोष. कालपर्यंत जी अक्षरें सुखानें वाचलीं, तीं शेजाऱ्याच्या पडद्यामुळें आज अंधुक ठरावीं, हा दृष्टीचा विकार नसून बाजाराच्या विद्येचा विजय आहे.

मात्र एक हानि केवळ मनाची नसते. नवा नमुना आला कीं करणाऱ्याचें लक्ष जुन्यावरून उडतें. पूर्वींचें घड्याळ किंवा शिवणयंत्र दुकानदार विसरला तरी चालत राही. हें यंत्र तसें नव्हे. त्याचा अर्धा देह म्हणजे कार्यप्रणाली, आणि ती दूरच्या कचेरींतून बदलली जाते. तिची काळजी घेणें थांबलें कीं धड हातापायांचा टॅब्लेटही निराधार होतो. मालकानें स्वतः हात घालण्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

नेक्ससचा खरा मोठेपणा ह्या ठिकाणीं आहे. यंत्र सुरू होतांना कोणती कार्यप्रणाली आंत घ्यावयाची हें ठरविणारा जो द्वारपाल, त्याला बूटलोडर म्हणतात. कित्येक कंपन्या त्याला कुलूप घालून किल्ली आपल्याजवळ ठेवतात. नेक्ससची किल्ली मालकाला दिलेली होती: संगणकाला जोडून एक आज्ञा द्यावी, कीं कुलूप उघडलें. उघडतांना आंतील सारी माहिती पुसली जाई. पण तीही शिक्षा नव्हे, चोरानें कुलूप उघडल्यास त्याच्या हातीं आपलीं पत्रें लागूं नयेत म्हणून घेतलेली खबरदारी होय. एकदां दार उघडल्यावर मालकाला हवे ते फेरफार करतां येत. मूळच्या अँड्रॉइड ४.१ मध्यें मुख्य पडदा उभाच राही. टॅब्लेट आडवा धरला तरी तो वळत नसे. ही सोय गूगलनें ऑक्टोबर २०१२ च्या ४.१.२ मध्यें दिली. पण हौशी मालक त्यापूर्वींच पुढें गेले होते: एका साध्या फाइलींतील २१३ हा आंकडा पुसून तेथें १६० लिहिला, कीं अक्षरें लहान होऊन तोच पडदा मोठ्या टॅब्लेटचें रूप धारण करी. एका आंकड्याच्या बदलानें हातांतील वस्तु आपली वाटूं लागावी, ह्यांत खरा आनंद आहे.

अँड्रॉइडची बरीचशी मूळ संहिता खुली असल्यामुळें ह्या फेरफारांचीं संपूर्ण संस्करणेंही निघूं लागलीं. त्यांनाच बोलण्यांत ‘रॉम’ म्हणतात. त्यांतील सायनोजेनमॉड हें स्टीव्ह कॉन्डिक यांनीं सुरू केलेलें संस्करण बहुतेकांच्या परिचयाचें होतें. त्याच्या मागची कंपनी २०१६ च्या अखेरीस त्यांतून बाहेर पडली, तेव्हां स्वयंसेवकांनीं लिनिएजओएस ह्या नांवानें तेंच काम पुढें चालविलें.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत ह्या व्यवहाराला जवळचा दाखला आहे. छापखान्यापूर्वीं पोथी नकलून घ्यावी लागे, आणि नकलतांना कधीं चुकीनें तर कधीं हौसेनें फेरफार होत. ज्ञानेश्वरींत असे अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यांच्या कार्यांत दोन तत्त्वें दिसतात. पाठाला हात लावण्याचा अधिकार ग्रंथ ज्याला मनापासून हवा आहे त्याला पोंचतो, हें एक. आणि स्वतःची भर घालण्याची हौस आवरणें हा त्या अधिकाराचाच भाग आहे, हें दुसरें. टॅब्लेटवर हात चालविणाऱ्यांना पहिलें तत्त्व सहज पटतें. दुसऱ्याचा मात्र विसर पडतो.

ह्या विसराचें फळ ठिकठिकाणीं दिसे. अशा संस्करणांच्या रोज रात्रीं नव्या प्रती निघत, आणि कित्येक मालक रोज सकाळीं त्या चढवीत. आज कॅमेरा चालेना, उद्यां ध्वनि येईना, परवां त्याची दुरुस्ति. ज्या पुस्तकासाठीं टॅब्लेट घेतला त्याचें पहिलें प्रकरण तसेंच पडून राही. जो मनुष्य नव्या नमुन्यांच्या मोहाला नांवें ठेवितो, तोच नव्या प्रतींच्या मोहांत सांपडतो, ही गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. मोह एकच, एकाला पैसे लागतात, दुसऱ्याला झोंप. शिवाय मालकाच्या अधिकारालाही सीमा आहेत. चित्रप्रक्रियेसारख्या कांहीं भागांची संहिता चिप करणारांनीं बंदच ठेविलेली असते, व तेथें स्वयंसेवकाचा हात पोंचत नाहीं.

तरीही मालकाच्या अधिकाराची बाजू बळकट करणारें एक प्रकरण घडलें, आणि तें मराठी कुटुंबांच्या अगदीं जिव्हाळ्याचें आहे. अँड्रॉइडच्या आरंभींच्या मूळ आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटत नसे. कोणी खटपट करून आंत फॉन्ट घातला, तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरें फुटून पडत. २०११ मधील ४.० पासून अक्षरें सुधारलीं. पुढें नोव्हेंबर २०१४ मध्यें आलेल्या ५.० ह्या आवृत्तीनें सबंध कार्यप्रणालीसाठीं ज्या नव्या भाषा दिल्या, त्यांत मराठी होती. सूचना, याद्या, मांडणी सर्व मराठींत. इंग्रजी न येणाऱ्या आजीला नातवाच्या मदतीवांचून यंत्र चालवितां यावें, अशी ही सोय होती. आणि हीच आवृत्ति २०१२ च्या नेक्ससला मानवली नाहीं. १ जीबी रॅम आणि मंद साठवण ह्यांच्यावर तिचा भार इतका पडला कीं बोट लावल्यावर पडदा हलण्याची वाट पाहावी लागे. भाषा घरांत आली, पण गति घराबाहेर गेली.

अशा वेळीं कुलूपबंद यंत्राच्या मालकापुढें दोनच मार्ग असते: सोसावें किंवा नवा घ्यावा. नेक्ससच्या मालकाला तिसरा मार्ग होता. गूगलनेंच प्रसिद्ध केलेली ४.४ ची जुनी प्रत पुन्हां चढवावी, मराठीसाठीं वेगळा कीबोर्ड घालावा. अथवा ज्याला अधिक कळतें त्यानें साठवणीची मांडणी बदलून हलकें संस्करण बसवावें. त्यांत मराठी याद्यांचा लाभ प्रत्येकाला मिळेच असें नाहीं. पण काय सोडावयाचें आणि काय राखावयाचें हें ठरविणारा घरचा माणूस होता. ह्या यंत्राची शेवटची अधिकृत आवृत्ति ५.१.१, आणि दुसऱ्या नेक्ससची ६.०.१. दुसऱ्याला पुढें लिनिएजओएसनें आधार दिला. म्हणजे करणारानें हात काढून घेतल्यावरही त्याचें आयुष्य चालूं राहिलें, तें बाळगणारांच्या बळावर.

केवळ मोकळीक पुरे नाहीं, ह्याचाही दाखला आपल्याच देशांत आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं विद्यार्थ्यांसाठीं आणलेला आकाश टॅब्लेट सात इंचांचाच होता. पण २५६ एमबी रॅम आणि दाबून चालणारा पडदा ह्यांमुळें त्याचा उपयोग होण्याऐवजीं उपहासच अधिक झाला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं आकाश २ आला, तो सुधारलेला होता, आणि मुंबईच्या आयआयटीनें त्यावर लिनक्स चालविण्यापर्यंत मजल मारली. परंतु मूळ संहिताच दुबळी असली म्हणजे भाष्यकारानें किती सांवरावें? नेक्सस स्वस्तही होता आणि पायाशीं पक्काही होता, म्हणूनच त्याच्यावर केलेले श्रम वायां गेले नाहींत.

हें सर्व ध्यानांत घेतां आमचा निर्णय असा आहे. २०१२ चा नेक्सस ७ हें मध्यम बुद्धीचें पण मोकळ्या मनाचें यंत्र होतें. त्याची साठवण अपुरी, उतारवय खडतर. तथापि त्यानें मालकाला किल्ली दिली, आणि हा गुण त्याच्याहून देखण्या अशा कित्येक यंत्रांत आढळत नाहीं. युरोपीय संघाच्या नियमान्वयें २० जून २०२५ पासून तेथें विक्रीस येणाऱ्या फोन व टॅब्लेटांना, विक्री थांबल्यावरही निदान पांच वर्षें कार्यप्रणालीच्या सुधारणा पुरविणें बंधनकारक झालें आहे. हें पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु २०१४ मध्यें पहिल्या नेक्ससची वाट लागली ती सुधारणा न मिळाल्यामुळें नव्हे, न पेलणारी मिळाल्यामुळें, हें विसरतां कामा नये. सुधारणा देण्याचा नियम झाला. नाकारण्याचा आणि मागें फिरण्याचा हक्क अजून बहुतेक ठिकाणीं देणाऱ्याच्या मर्जीवरच आहे. पुढील टॅब्लेट घेतांना कुटुंबांतील जाणत्या माणसानें ठिपके आणि ग्रॅम अवश्य मोजावे. पण त्याआधीं दुकानदाराला एक प्रश्न विचारावा, कीं ह्याची किल्ली कोणाकडे राहणार.