स्टोरेज एरिया नेटवर्कमधील आरंभीचे स्विच : यंत्ररचनेच्या उत्क्रांतीची चिकित्सा

फायबर चॅनेल स्विचचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांत सांगितला जातो : १ गिगाबिट, नंतर २, नंतर ४. ही मांडणी सोयीची आहे. परंतु या उपकरणांत मूलगामी बदल कोठे घडला, हे तिच्यातून कळत नाही.

अनेक सर्व्हर व सामाईक डिस्क-संच यांना जोडणारे स्वतंत्र जाळे म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. आरंभी अशी अनेक जाळी स्वस्त हबवर उभी राहिली. हबमधील वलयात १२६ उपकरणांना पत्ते मिळत. मात्र सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइटची एकच वाट सर्वांना वाटून घ्यावी लागे. त्याहून मोठा दोष निराळा होता. एखादा सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की संपूर्ण वलयाची जुळणी नव्याने होई आणि इतरांचे चालू काम खोळंबे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रोकेड कंपनीचा 'सिल्कवर्म' हा १६ पोर्टचा स्विच १९९७ मध्ये आला. वेग तोच, १ गिगाबिट. पण तो प्रत्येक पोर्टला स्वतंत्रपणे मिळू लागला आणि एका उपकरणाचा व्यत्यय बव्हंशी त्याच्या पोर्टपाशीच थोपवता येऊ लागला. स्विचांच्या जाळ्याला 'फॅब्रिक', म्हणजे वस्त्र, म्हणतात. म्हणूनच की काय, कंपनीच्या पुढील चिपचे नाव 'लूम', अर्थात माग, असे होते.

पोर्टची संख्या हा दुसरा फसवा निकष. सोळा पोर्टचे चार स्विच परस्परांना एकेका केबलने जोडले, तर ६४ पैकी १२ पोर्ट जोडणीतच खर्ची पडतात; उरतात ५२. मॅकडेटा कंपनीचे 'डायरेक्टर' हे यावरील एक उत्तर होते : एकाच पेटीत अधिक पोर्ट, आणि नियंत्रक, वीजपुरवठा यांसारखे महत्त्वाचे भाग दुहेरी. २००२ मधील सिल्कवर्म १२००० च्या पेटीत १२८ पोर्ट होते खरे. पण आत ६४ पोर्टचे दोन वेगळे स्विच नांदत होते. १२८ पोर्टचा एकसंध स्विच त्या मालिकेत २००४ मधील २४००० या यंत्राने दिला.

तथापि डायरेक्टर आल्यावरही जाणकार व्यवस्थापक परस्परांशी न जोडलेली दोन फॅब्रिक उभारत आणि प्रत्येक सर्व्हरला दोन्हींकडे वाट देत. एक नियंत्रक निकामी झाल्यास दुसरा काम चालवी. परंतु कोणत्या सर्व्हरला कोणती साठवण दिसावी, या झोनिंगच्या नोंदीत झालेली चूक एका फॅब्रिकमधील सर्व स्विचांपर्यंत पोहोचत असे. तिच्यापुढे दुहेरी यंत्रभाग निरुपयोगी ठरत. सर्व्हर चालू राही तो दुसऱ्या फॅब्रिकमुळे.