दाखल न झालेली पुस्तकं

नागपुरात सक्करदरा चौकातून उमरेड रोडला लागलं की अभ्यासिकांच्या पाट्या दिसू लागतात. आत शिरलं की फळ्या ठोकून वेगळी केलेली टेबलं, प्रत्येकाला एक दिवा, एक प्लग, आणि भिंतीलगतच्या कपाटात एमपीएससी, पोलीस भरती, नीट. बोलताना आम्ही याला लायब्ररीच म्हणतो. ‘लायब्ररीत चाललो’ म्हणणारा मुलगा कादंबरी बदलायला जात नाही, महिन्याचे पैसे भरलेल्या खुर्चीवर बसायला जातो. त्या मुलांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीने तिथे गोष्टीचं पुस्तक मागितलं, तर नाही म्हणायचीसुद्धा कोणाला गरज पडत नाही. नाही म्हणावं असं पुस्तकच तिथे नसतं.

मला मात्र नाही म्हणणारं कोणीतरी भेटलं होतं. नववीत होते. वडिलांच्या तोंडून ‘बलुतं’चं नाव ऐकलं होतं, म्हणून शाळेत मागितलं. पुस्तक काचेआड होतं, कण्यावरचं नाव वाचता येत होतं. किल्ली सरांकडे होती. ‘काऊन पाहिजे तुले ते? मोठी झाली की वाच,’ एवढंच ते म्हणाले, आणि रागावूनही म्हणाले नाहीत. पुढे कॉलेजात गेल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं की दया पवारांनी लिहिलेल्या वस्तीसारख्याच वस्तीतून माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली रोज शाळेत येत होत्या. जे त्या जगत होत्या, ते वाचायला त्यांचं वय कमी पडत होतं.

मराठी शाळांतल्या पुस्तकबंदीचं खरं रूप हे असं आहे. तिची नोंद कुठेच होत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज इथल्या शाळामंडळाने ग्रंथालयातली पुस्तकं काढली, तेव्हा स्टीव्हन पिको हा विद्यार्थी कोर्टात गेला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढता येणार नाही, अशी भूमिका त्यातल्या मुख्य निकालपत्राने घेतली. तिथला प्रश्न अजून संपलेला नाही. पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ या एकाच शालेय वर्षात शाळांमधल्या पुस्तकबंदीच्या १०,०४६ घटना नोंदवल्या. आकडा भयंकर आहे, पण मोजता येतो. पुस्तक आधी दाखल झालेलं असतं, मग काढलं जातं, आणि काढलं म्हणून भांडता येतं. आपल्याकडे ते दाखल नोंदवहीपर्यंत पोचतच नाही. जे आलंच नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार?

सरळ बंदी आपण पाहिलेलीच नाही, असं मात्र नाही. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले, हिंदीतले मोठे कवी. १९४८ ते १९५८ ही दहा वर्षं त्यांनी नागपुरात काढली. इथून ते राजनांदगावला गेले आणि शाळकरी मुलांसाठी त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिलं. मध्य प्रदेशात ते पाठ्यपुस्तक म्हणून मंजूरही झालं. मग आक्षेप उठले, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. दोनच वर्षांनी, १९६४ च्या सप्टेंबरात, मुक्तिबोध गेले. या बंदीचा घाव त्यांच्या शेवटच्या काळावर पसरलेला आहे, हे त्यांच्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी सांगितलंय. मला यातली एक गोष्ट फार लागते. ‘अंधेरे में’सारखी कविता लिहिणारा माणूस शाळकरी मुलांना इतिहास सांगायला बसला होता. आपल्या काळातल्या किती मोठ्या लेखकांना हे काम आपलं वाटतं? आणि ज्याला वाटलं, त्याचं आपण काय केलं?

त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र नागपुरातच प्राध्यापक होते, मराठीत लिहीत होते. त्यांच्या ‘क्षिप्रा’मधला बिशू हा मराठी कादंबरीतल्या वाढत्या वयाच्या मुलांपैकी एक महत्त्वाचा मुलगा. त्याच्यावर कोणी बंदी घातली नाही. आज सक्करदऱ्यातल्या दहावीच्या मुलाला तो माहीत नाही, आणि बंदी घालूनही याहून वेगळं काही झालं नसतं.

मुलांचं वय पुढे करून पुस्तक अडवण्याची आपली सवय एकदा सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेली होती. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात सुटका झाली, उच्च न्यायालयात शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडलं. निकालात किशोरवयीन वाचकाचा विचार मुद्दाम केलेला आहे. लैंगिक उल्लेख आहे एवढ्यावरच कादंबरी त्यांना वर्ज्य ठरवली, तर त्यांच्या हाती धार्मिक पुस्तकांखेरीज काही उरणार नाही, असा त्याचा आशय. ‘श्यामा’ ही काही थोर कादंबरी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यामुळे किशोर वाचकाच्या बाजूने इतकं स्पष्ट बोललं गेलं, आणि पन्नासहून अधिक वर्षांत ते आपल्या शाळांच्या कपाटांपर्यंत उतरलं नाही. उलट २००७ मध्ये राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणालाच विरोध झाला आणि ते थांबवलं गेलं. ज्या राज्यात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून लैंगिक आरोग्यावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यांची बाजू कोर्टात डॉ. आंबेडकरांनी मांडली, त्या राज्यात हे झालं.

भावना दुखावण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, तो झटकून टाकता येत नाही. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या, आंबेडकरांच्या मागे चाबूक घेतलेले नेहरू दाखवणाऱ्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडलं, पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयावर हल्ला झाला. मी दीक्षाभूमीच्या गावात राहते. त्या चित्रातला चाबूक पाहून जे दुखावले, त्यांचं दुखणं मी खोटं म्हणू शकत नाही. तरी हल्ला हे उत्तर नव्हतं, आणि चित्र काढून टाकणं हेही नाही. सोळा वर्षांच्या मुलांसमोर ते चित्र ठेवून ‘हे का दुखतं?’ असं विचारणारा तास व्हायला हवा होता.

असा मार्ग आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. १९८७ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने आंबेडकरांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्यावरचं परिशिष्ट वगळा म्हणून मोर्चे निघाले, ते वगळू नका म्हणून मुंबईत त्याहून मोठा जनसमुदाय रस्त्यावर आला. अखेर मजकूर राहिला आणि सोबत टीप आली की यातल्या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही. मला वाटतं, पुस्तकाच्या वादावर महाराष्ट्राने काढलेला सर्वांत शहाणा तोडगा हाच. पान फाडायचं नाही, टीप जोडायची.

२०१८ मध्ये आपण तो विसरलो. सर्व शिक्षा अभियानातून शाळांना गेलेल्या, नागपुरातूनच प्रसिद्ध झालेल्या ‘समर्थ श्री रामदास स्वामी’ या पुस्तकात संभाजी महाराजांना व्यसनी ठरवणारा आक्षेपार्ह उल्लेख निघाला आणि पुस्तक मागे घेण्याचा आदेश झाला. त्या उल्लेखाचं समर्थन मी करणार नाही. पण वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी साधनं धुंडाळून ही जुनी प्रतिमा खोडून काढली आहे. त्यांची चार पानं त्या पुस्तकाशेजारी ठेवली असती, तर त्या शाळांतल्या मुलाला इतिहास कसा लिहिला जातो, कसा बिघडतो आणि कसा दुरुस्त होतो, हे एका तासात कळलं असतं. त्याला एवढंच कळलं की पुस्तक आलं होतं आणि गेलं.

या सगळ्याचा परिणाम वाचणाऱ्यांवर होतो, तसा लिहिणाऱ्यांवरही. मराठी कुमारसाहित्याकडे पाहिलं की तो दिसतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही धावतोय, आणि त्याच्याइतका मोकळा मुलगा त्यानंतर फारसा झाला नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून टिकून आहे, ‘साधना’चे बालकुमार अंक आहेत, ‘वयम्’ आहे. रोहन प्रकाशनाने सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आणला. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी माधुरी पुरंदऱ्यांनी जे केलं, त्याला भारतातल्या कोणत्याही भाषेत मान मिळावा. मग एकदम दरी लागते. वाढत्या वयाचा मराठी मुलगा मनाच्या तळापासून लिहिला गेला तो प्रौढांच्या पुस्तकांत : प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद. ही पुस्तकं मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती, म्हणूनच ती प्रामाणिक राहू शकली, असं मला वाटतं. निवड समितीची नजर त्यांच्या पानांवर नव्हती.

कुमारसाहित्य म्हणून जे लिहिलं जातं, त्यात मात्र ती नजर ओळीओळीत जाणवते. मुलगी प्रेमात पडत नाही, फार तर तिला ‘आदर’ वाटतो. जात येते ती शेवटी विसरली जाण्यासाठी. घरातला दारूचा वास, मासिक पाळी, नापास झालेल्या मित्राची आत्महत्या, मोबाइलवर फिरलेला फोटो : जे वर्गातल्या शेवटच्या बाकावर रोज बोललं जातं, ते कथेत आलंच तर समुपदेशकाच्या सुरात. सिनेमाने हे धाडस केलं. ‘फँड्री’तला जब्या, ‘बालक-पालक’मधली चाळीतली पोरं, आणि आमच्याच नागपूरच्या झोपडपट्टीतली ‘झुंड’मधली मुलं मराठी माणसाच्या हाताने पडद्यावर आली. त्यांच्या तोडीची कुमारकादंबरी दाखवा म्हटलं, तर मला आठवत बसावं लागतं.

लेखक भित्रे आहेत असं यावरून म्हणू नये. कारण हिशेबात आहे. १९६७ च्या कायद्याने राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला, आणि गावोगावची वाचनालयं त्यावरच जगली. पण त्याच वाटेवर शासनमान्य यादी उभी राहिली. मुलांचं पुस्तक एकेका वाचकाला विकून प्रकाशक जगत नाही, घाऊक खरेदीवर जगतो. म्हणजे यादीत बसेल असंच छापायचं, आणि छापलं जाईल असंच लिहायचं. कात्री लावणारा माणूस कुठेच दिसत नाही, कारण कापण्यासारखं काही लिहूनच होत नाही.

वयाचा मुद्दा मी नाकारत नाही. बारा वर्षांच्या मुलाला ‘अक्करमाशी’सारखं आत्मकथन देताना मीही थांबेन. पण ते थांबणं मुलाला ओळखणाऱ्या माणसाचं असावं. तो माणूस म्हणजे शाळेचा ग्रंथपाल, आणि नेमकं तेच पद आपण विद्यार्थिसंख्येच्या निकषावर बसवलं. लहान शाळेत ते नसतंच, मधल्या शाळेत अर्धवेळ. मग कपाट एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. पुस्तक हरवलं तर जबाब त्याने द्यायचा, पालक चिडले तर सामोरं त्याने जायचं, आणि मुलाने वाचलं तर त्याची नोंद करणारा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही. अशा माणसाने कुलूप लावलं तर मी त्याला दोष देत नाही. माझ्या त्या सरांनाही देत नाही.

गेल्या वर्षी बुधवार बाजाराच्या दिवशी शेजारची दहावीतली मुलगी घरी आली. हातात भाजीची पिशवी, नजर माझ्या कपाटावर. तिने ‘बलुतं’ काढलं, मागचा मजकूर वाचला आणि विचारलं, ‘काकू, हे मी नेऊ का, की आईले विचारू आधी?’ मी म्हटलं, ने, आणि आईलाही वाचायला दे. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. दोन पानांचे कोपरे दुमडलेले होते, दोन्ही वेगवेगळ्या हातांनी.