आपद्धर्माची मुदत

जगाचा विध्वंस झाल्यावर उरलेल्या मूठभर माणसांवर जो कठोर सत्ता चालवितो, त्याच्या क्रौर्यास क्षमा असावी काय? प्रलयोत्तर कालाच्या कादंबऱ्यांतून हा प्रश्न वारंवार येतो. परंतु जॉन ख्रिस्तोफर या इंग्रज लेखकाच्या ‘द डेथ ऑफ ग्रास’ (१९५६) या कादंबरीत तो जितक्या निष्ठुरपणे मांडला गेला आहे, तितका क्वचितच अन्यत्र आम्हांस आढळला.

चीनमध्ये भातावर पडलेला रोग पुढे साऱ्या तृणवर्गास ग्रासतो. गहू, जव, ओट, सर्वच नाहीसे होतात. शहरांवर बॉम्ब टाकून खाणारी तोंडे कमी करण्याचा सरकारचा बेत कानी येताच जॉन कस्टन्स हा इंजिनियर सहकुटुंब लंडन सोडतो आणि उत्तरेकडे, भावाच्या डोंगरी खोऱ्यातील शेताकडे निघतो. वाटेत तो टोळीचा नायक होतो. अन्नासाठी एका शेतकरी दांपत्याची हत्या होते. पुढे पिरी हा सोबतचा बंदुकांचा व्यापारी स्वतःच्या पत्नीस गोळी घालतो; जॉन त्यास शासन करीत नाही, कारण पिरीचा नेम अचूक आहे.

पहिल्या कृत्यामागे निदान भूक तरी होती. दुसऱ्यामागे तीही नाही. उपयुक्त माणसास कायदा लागू नाही, असे ज्या क्षणी ठरले, त्याच क्षणी नायकाचा सत्ताधीश झाला, असे आमचे मत आहे.

आपद्धर्म आपल्या वाचकांस अपरिचित नाही. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस उचलतो. परंतु तेथे चांडाळ त्यास अडवितो, वाद घालतो. आणि अखेर पाऊस पडतो. अडविणारा कोणी असणे आणि आपत्तीस शेवट असणे, या दोन मर्यादांमुळेच ते कृत्य धर्माच्या कक्षेत राहते.

जॉनला दोन्ही मर्यादा नाहीत. भाऊ त्याच्या कुटुंबास आत घ्यावयास तयार आहे, टोळीस नाही. विश्वासाने मागे आलेल्यांस जॉन टाकून देत नाही, यात राजधर्माचा अंश आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यासाठी तो खोऱ्यावर हल्ला चढवितो, भाऊ त्यात मरतो, आणि खोरे जॉनचे होते.

लेखक नायकास दोषमुक्त करीत नाही, हा कादंबरीचा मोठा गुण होय. उणीव एकच: ती खोऱ्याच्या दाराशीच थांबते. संकटात कठोर होणे फारसे अवघड नाही. बटाटे खणून कोठार भरल्यावर हा माणूस बंदूक खाली ठेवील काय, आणि शेतकऱ्याच्या ज्या अनाथ मुलीस टोळीने सोबत आणले, तिला त्याच्याकडे दाद मागता येईल काय, हीच त्याच्या नीतीची खरी कसोटी होती.