वनपर्वातील मृगया : व्याधाचा युक्तिवाद आणि मृगांचे स्वप्न

आपल्या अन्नासाठी आपण शिकार करणे कितपत धर्म्य, याचे महाभारतातील उत्तर शोधणारा अभ्यासक बहुधा वनपर्वातील धर्मव्याधाच्या उपाख्यानाकडे वळतो. प्रस्तुत लेखकास ही वाट चुकीची वाटते.

मिथिलेचा हा व्याध नावाचाच व्याध आहे. तो मांस विकतो. परंतु कौशिक ब्राह्मणास आवर्जून सांगतो की, ही जनावरे दुसऱ्यांनी मारलेली आहेत व आपण स्वतः मांस खात नाही. नांगराखाली असंख्य जीव मरतात, भाताच्या बीजातही जीव असतो, हा त्याचा युक्तिवाद आजही पुढे केला जातो. तो खोटा नाही. पण ज्याचा हात मारण्यात नाही आणि ज्याचे तोंड खाण्यात नाही, त्याने शिकाऱ्याची बाजू मांडावी हे चमत्कारिकच. त्याने खरोखर शिकार केली ती पूर्वजन्मी, ब्राह्मण असताना, राजाच्या संगतीत. आणि तेव्हा त्याचा बाण एका ऋषीस लागला. त्या शापाचे फळ म्हणजे हा जन्म. मृगांना लागलेले बाण कथेला खटकत नाहीत, ऋषीला लागलेला तेवढा खटकतो.

मार्कंडेयांनी ही कथा सांगितली ती युधिष्ठिरास. त्याच युधिष्ठिरास पुढे, घोषयात्रेनंतर, एक स्वप्न पडते. सुखटणकरांनी संपादिलेल्या चिकित्सक आवृत्तीत (१९४२) हा प्रसंग अवघ्या एका अध्यायाचा आहे. द्वैतवनातील मृग थरथरत, हात जोडून येतात. तुझ्या भावांनी आमच्यातील बहुतेकांना मारले, आम्ही केवळ बीजापुरते उरलो आहोत, आता तू वसती बदल, इतकेच त्यांचे मागणे. ते शाप देत नाहीत, मांसाशनास पाप म्हणत नाहीत, अहिंसेचे नावही काढीत नाहीत. येथे 'बीज' या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. व्याधाच्या तोंडी बीज हा हिंसा अटळ असल्याचा पुरावा होता. मृगांच्या तोंडी तीच हिंसेची मर्यादा होते. बियाणे खाऊ नये, हे कोणत्याही कुणब्यास सांगावे लागत नाही. शिकाऱ्यास मात्र ते स्वप्नात येऊन सांगावे लागले!

युधिष्ठिर वाद घालीत नाही. जागा होताच तो भावांना हिशेब सांगतो : एक वर्ष आठ महिने आपण यांच्यावर जगलो. ज्याने स्वतः मारून खाल्ले त्यालाच हा हिशेब ठेवता येतो. व्याधाच्या दुकानात तो संभवत नाही.

परंतु पांडव जातात कोठे? काम्यकवनात, जेथे मृग विपुल आहेत. यास ढोंग म्हणण्याचा मोह होतो. मला ते ढोंग वाटत नाही. शेत पडीक टाकून दुसरे कसणाऱ्यास आपण ढोंगी म्हणत नाही. तथापि महाभारतकारास या तोडग्याने स्वस्थता लाभली असेल असे दिसत नाही. काम्यकात पाचही भाऊ शिकारीस गेले असतानाच जयद्रथ आश्रमात येतो, आणि त्याचा हेतू न ओळखता द्रौपदी त्याला न्याहारीसाठी पन्नास मृग देऊ करते. स्वप्न नुकतेच वाचलेल्यास हा आकडा टोचल्यावाचून राहत नाही. स्वप्न आणि ही न्याहारी यांच्यामध्ये व्यास येऊन मुद्गलाची कथा सांगतात; हा मुद्गल शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा. ती कथा तेथे योगायोगाने आली, असे मानणे मला कठीण जाते.