‘असामान्य राजा’ आणि औंधची रयत

औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. ‘ॲन अनयूज्वल राजा’ (१९८९) या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा विषय म्हणजे वडील भवानराव यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेला दिलेले स्वराज्य. बीडवर ज्याची सत्ता होती त्या निजामाने १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, हे स्मरल्यास औंधचे मोल निर्विवाद ठरते. तथापि ग्रंथाच्या शीर्षकात राजा आहे, उपशीर्षकात गांधीजी व औंधचा ‘प्रयोग’. ७२ गावांची रयत दोहोंतही नाही. ‘प्रयोग’ म्हटला की कर्ता राजा ठरतो, रयत केवळ साधन. पुत्राने दात्याची बाजू मांडावी, हे स्वाभाविकच होय. परंतु स्वराज्याची खरी कसोटी ते पेलणाऱ्यांपाशी लागते. म्हणून ग्रामपंचायतींच्या दृष्टीने औंधचा इतिहास लिहिला जाणे अगत्याचे आहे.