पित्यांची पाठशाळा

गर्भवती पत्नीवर हात उगारणाऱ्या पुरुषाचा निषेध आपण करतो. त्याला शिकवावे, असे मात्र क्वचितच कोणास सुचते. रुआंडातील ‘बान्देबेरेहो’ या उपक्रमाने ते केले, हा त्याचा मोठा गुण होय. तरुण पित्यांच्या १५ बैठका, त्यांतील ८ सपत्नीक. विषय गर्भारपण, बालसंगोपन, घरखर्च, मद्य आणि हिंसा. १,१९९ जोडप्यांच्या चाचणीचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. बैठकांस बसलेल्यांच्या पत्नींनी, इतर स्त्रियांच्या मानाने, मारहाण पुष्कळ कमी झाल्याचे सांगितले. निवाडा पत्नीच्या मुखातून घेतला, हे योग्यच.

उणीव आहे ती निराळीच. येथे आलेला पुरुष स्वेच्छेने आला. जो येणारच नाही, त्याचे काय?

त्याचे उत्तर आपल्या परंपरेत शोधता येईल. सीमंतोन्नयनात पत्नीचा भांग पतीनेच पाडावयाचा असतो. त्या संस्काराचा कर्ता तोच. आज बहुतेक घरी डोहाळजेवणाचा थाट तेवढा उरला आणि कर्ता पाहुण्यांत जाऊन बसला. भांग पाडणारा हात उगारावयाचा नसतो, एवढा अर्थ पुरोहिताने त्यास समजावून दिला, तरी आपल्या देवळाच्या सभामंडपात ही पाठशाळा भरेल.